तीन थेंबांची टोपी

माझी लेक जिया झोपलीय तोवर लिहून टाकते, ती उठली की राहिलंच. इथल्या बडोद्याच्या मराठी मंडळाच्या काकू म्हणाल्या, दर वर्षी मंडळाच्या अंकात रिफायनरीवाले लिहितात, रेल्वेवाले लिहितात, यंदा तू लिही, तुझं काम कोणाला माहीतच नाही. मी म्हटलं, काकू, मी दहावीला दोनदा बसले आणि दोनदा आपटले, मला ऱ्हस्वदीर्घ कळत नाही. त्या म्हणाल्या, ते मी बघते, तू बोलतेस तसं लिही. म्हणून बोलते तसं लिहितेय. चुकलं तर काकूंना सांगा, मला नका सांगू, मला फार भीती वाटते.

तर माझं काम असं. सकाळी डाळीला फोडणी घालत असते आणि फोनवर फोटो येतो. जुन्या स्पीकरचा. मोठा काळा कोन, म्हणजे पुढचा कागदी पडदा, कडेला फाटलेला, मागे मॅग्नेटवर स्टिकर होतं त्याची नुसती खूण. खाली लिहिलेलं, बेन, आनी डिटेल मळशे? म्हणजे याची माहिती मिळेल का. मिळेल, पण कशी मिळते ते कोणी विचारत नाही, म्हणून इथे सांगते.

वूफर म्हणजे स्पीकरमधला तो मोठा, डग्ग्याचा, ढोलाचा जाड आवाज काढणारा. तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे वूफर लोकांनी माळ्यावर जपून ठेवलेत. कंपन्या बंद झाल्या, कागद उंदरांनी खाल्ले, पण माणसाचा जीव त्यात अडकलेला. आतली कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, जळली की नवी घालायला जुनीचे आकडे लागतात. तार किती नंबरची, वळणं किती, थर किती, ओहम किती. नुसतं लाकडी खोकं नवं करायचं म्हटलं तरी आकडे लागतात, कारण खोक्याचं माप वूफरवरून ठरतं. चुकीच्या खोक्यात घातला तर चांगला वूफरसुद्धा डबा बडवल्यासारखा वाजतो. नेटवर शोधलं तर कुठल्यातरी परदेशातल्या माणसाने कधीतरी हाच प्रश्न विचारलेला असतो आणि खाली कोणी उत्तर दिलेलं नसतं. असली पानं वाचली की मला त्या माणसाची पण काळजी वाटते, त्याला मिळालं की नाही.

मग काय करायचं, तर वूफरलाच विचारायचं. मीटर लावायचा. मीटरवर सहाच्या जरा वर आलं तर तो आठ ओहमचा, सहा लिहायचं नाही, नवीन माणूस तिथेच फसतो. मग फोनमधून हळूहळू सूर वर चढवत न्यायचा, एका सुरावर मीटरचा आकडा एकदम उंच जातो, तो त्या वूफरचा स्वतःचा सूर. मग कोनवर एक वजन ठेवायचं, माझ्याकडे पाच रुपयांचं जुनं जाड नाणं आहे, सोनाराकडे तोलून घेतलेलं, नऊ ग्रॅम, ते चिकटवलं की सूर खाली उतरतो. किती उतरला त्यावरून कोनचं वजन निघतं आणि त्यावरून खोकं निघतं. गणितात मी नापास, पण हे गणित मला येतं, कारण हे कोणी फळ्यावर नाही शिकवलं. पप्पांनी शिकवलं.

विचित्र लोक पण येतात. करजणचे एक भाई पोत्यात वूफर घालून आले. म्हणाले, "बेन, यावर दोनशे वॅट लिहून द्या."

मी म्हटलं, "भाई, हा तीसचा आहे."

"पण समोरच्याचा दीडशेचा आहे ने!"

"मग तो पण तीसचाच असेल. त्याला दीडशे कोणी लिहून दिले ते विचारा."

ते इतके हसले की जिया उठली. पण लिहून नाही दिलं मी. आतून घाबरलेच होते, मोठा माणूस, रागावला तर काय करणार, माझा नवरा जिग्नेश पण कामावर. तरी नाही दिलं. आकडा खोटा लिहायचा नाही, हे एक पप्पांचं मी मोडलेलं नाही. बाकी बरंच मोडलंय, ते पुढे येतं.

पप्पांचं स्पीकर दुरुस्तीचं दुकान जुन्या शहरात, अरुंद गल्लीत, दीड माणूस मावेल एवढं. दीड म्हणजे पप्पा आणि मी. शाळा सुटली की मी तिथे, आणि शाळा कायमची सुटली तेव्हापासून दिवसभर तिथे. पप्पांची एक पद्धत होती, बडोद्यात दुसऱ्या कोणाची नव्हती. वूफरचा कोन बसवला की मधोमध वाटीसारखी गोल टोपी चिकटवतात, आत धूळ जाऊ नये म्हणून. पप्पा ती टोपी लावायच्या आधी उलटी करायचे आणि आतल्या बाजूने बॉलपेनने सगळे आकडे लिहायचे. तार, वळणं, थर, ओहम, कोनचं वजन. बाकीचे दुकानदार चिडवायचे, "वसंतभाई, आत लिहिलेलं कोण वाचणार?" पप्पा म्हणायचे, "ज्याला गरज पडेल तो उघडेल."

मग ती टोपी आधी फक्त तीन थेंबांवर लावायची. सोल्युशनचे, म्हणजे चिकटवायच्या गोंदाचे, तीन थेंब, बास. तिला आम्ही कच्ची टोपी म्हणायचो. वाजवून बघायचं. कच्च्या टोपीवर वूफर जाड सुराला थोडा घरघरतोच, तो भाग वेगळा. बाकी सगळं ठीक असेल तर बारीक ब्रशने कडेने सोल्युशनची पूर्ण रेघ फिरवायची, की झाली पक्की. ती रेघ फिरवायचं काम माझं, बारा वर्षांची असल्यापासून. पप्पांचा हात जड, रेघ जाड यायची. माझी केसासारखी. "कच्चं मी, पक्कं तू," असं म्हणून ते वूफर माझ्याकडे सरकवायचे आणि चहा प्यायला लागायचे. आकड्यांच्या खाली दोघांचं अक्षर असायचं. आधी व, कच्चं करणाऱ्याचं, आणि पुढे सो, म्हणजे सोनल, पक्कं करणारीचं. ते सो मी स्वतः लिहायचे. मार्कशीटवर माझं नाव कधी चांगल्या कारणाने आलं नाही, पण बडोद्यातल्या किती घरांत स्पीकरच्या पोटात माझं अक्षर बसलंय.

मग मी वीस वर्षांची झाले आणि एका दुपारी जिग्नेशबरोबर निघून गेले. लग्न केलं. जिग्नेश चांगला आहे, मकरपुऱ्याला फॅक्टरीत आहे, त्याच्याबद्दल काही तक्रार नाही. पण मी न सांगता गेले. त्या दुपारी टेबलावर एक वूफर कच्चा होता. पप्पांनी सरकवला, मी म्हटलं, "संध्याकाळी करते पप्पा," आणि उठले. तो कोणी पक्का केला मला माहीत नाही.

तीन वर्षं झाली. मी राहते त्या सुभानपुऱ्यातून शहरात रिक्षा वीस मिनिटांत जाते. आई येते अधूनमधून, भाजीला निघाले म्हणून, पिशवी रिकामीच असते. जियाला मांडीवर घेते आणि सांगते, पप्पांनी काम बंद केलं, दुकान उघडून नुसते बसतात, कोणी स्पीकर आणला तर हात जोडतात. हात पण थरथरतो म्हणे, चहा बशीत सांडतो. मी विचारते, "माझं नाव काढतात?" आई जियाचे केस सारखे करत बसते.

मी हे काम सुरू केलं ते पण काही ठरवून नाही. जियाच्या वेळी सातवा महिना होता, पप्पांच्या एका जुन्या गिऱ्हाइकाकडे माझा नंबर होता, त्यांनी फोटो पाठवला, "वसंतभाई नाही म्हणतात, तू सांग ने." मग वूफरच आणून दिला, मी त्याची टोपी उघडली आणि आत पप्पांचं अक्षर. ते तिरके आकडे, सातला मधे आडवी रेघ. मी ती टोपी हातात घेऊन ओट्यापाशी तशीच उभी राहिले, दूध उतू गेलं, गॅस विझला, वास आल्यावर भान आलं. तेव्हापासून कोणी म्हणालं, तुमच्या पप्पांनी केलेला आहे, की मी लगेच हो म्हणते. काम जमेल का, वेळ आहे का, काही बघत नाही. उघडते, फोटो काढते, मग पुढचं. माझ्या फोनमध्ये पप्पांचे असे चोवीस फोटो आहेत. एकातही चेहरा नाही.

आता दवेकाकांचं सांगते, त्यासाठीच लिहायला बसले.

दवेकाका कारेलीबागचे, बँकेतून रिटायर. मराठी शेजारात आयुष्य गेलं म्हणून मराठी बोलतात, मधे मधे गुजराती, मला दीकरी म्हणतात, म्हणजे लेक. बारा इंचाचे दोन वूफर, जोडी. दोन्ही पप्पांनी केलेले. एक चालू, फक्त त्याची टोपी नातवाने बोटाने आत दाबलेली. दुसरा जळून गेलेला. काका म्हणाले, "दीकरी, चालू आहे त्याला हात लावायचा नाही. जळलेला जिवंत कर. पण जोडी जुळली पाहिजे हां, एक इकडे गातो आणि एक तिकडे रडतो, असं नाही चालणार."

मी म्हटलं, टोपीत आकडे असतीलच. टोपी उघडायची तर कापायची नाही. कडेने ब्रशने थोडं थोडं थिनर लावायचं, सोल्युशन मऊ पडलं की टोपी अख्खी उचलायची. थोडं थोडं. आणि नेमकी जिया उठली, तिला दात येत होते, किंचाळायला लागली. एका हाताने तिला कमरेवर घेतलं, दुसऱ्या हातात ब्रश कुठे धरत बसायचं म्हणून बाटलीच तिरकी केली. टोपी सुटली. उलटी केली तर आत निळा ओघळ. बॉलपेनची शाई थिनरने विरघळते, हे मला माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. एक आकडा शिल्लक नव्हता. फक्त अगदी कडेला सो चा काना राहिला होता, माझाच.

कॉइल तर जळून कोळसा, वळणं मोजायला काही उरलंच नाही. दुसऱ्याची टोपी उघडायला काकांची मनाई, त्याला बाहेरून मीटर लावून ओहम निघाले, सूर निघाला, पण तार कुठली आणि थर किती ते बाहेरून कसं कळणार. अंदाजाने केली असती कॉइल. वाजलापण असता. जवळपास. पण जोडीला जवळपास चालत नाही.

दोन दिवस काकांचा फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी ते दारातच उभे. मी सगळं सांगून टाकलं, सांगताना रडायलाच लागले, जिया मला बघून रडायला लागली.

काका चिडले. "तर मग मी मागच्या गल्लीतल्या दुकानात दिला असता ने! तुझ्याकडे कशाला आलो? वसंतभाईची मुलगी म्हणून आलो." मग जियाकडे बघून जरा उतरले. "जा, पप्पाला विचार. त्याच्या डोक्यात असेल."

"मी नाही जाऊ शकत, काका."

"का?"

सांगितलं. काकांनी चपला घातल्या. मग वूफर उचलला. "हुं जईश, मीच जातो. काय सांगू?"

मी म्हटलं, "एवढंच सांगा, टोपी सोनलने थिनर ओतून उघडली."

दुपारी काका परत आले, हात रिकामे. मी दारातच विचारलं, काय म्हणाले.

"आधी तर हात जोडले, काम बंद आहे. मी म्हटलं, काम नको करू, बघ फक्त. चश्मा लावला. टोपी बघितली. विचारलं, कोणी उघडली? मी म्हटलं, सोनलने. मग टोपी उजेडात धरून फिरवत बसले. मग विचारतात, थिनर किती ओतलं? मी म्हटलं, मला काय माहीत, बाळक रडत होतं."

"मग?"

"मग चश्मा काढला. मग म्हणाले, ठेवून जा."

ठेवून जा! तीन वर्षं सगळ्यांना हात जोडणारा माणूस. त्या रात्रीचा स्वयंपाक मी दोनदा खारट केला, जिग्नेश पाणी पीत राहिला.

आठ दिवसांनी काकांनी पप्पांकडून वूफर आणला तो थेट स्वतःच्या घरी नेला आणि फोन केला. "तयार! एकदम नवो!" मी विचारलं, पप्पा काही म्हणाले? काका सांगतात, "म्हणाले, घरघरला तर माझ्याकडे आणायचा नाही. जिच्याकडून आलात तिच्याकडेच न्या."

फोन ठेवला आणि मला वाटलं, संपलं. म्हणजे तुझी घाण मी निस्तरली, आता परत माझ्या दारात नको. असंच वाटलं मला. तो पूर्ण आठवडा मी एक फोटो उघडला नाही. तीन जणांना नाही म्हणून कळवलं. म्हटलं, सोडून द्यावं हे, ट्यूशनवाल्या बेनकडे मुलं सांभाळायचं काम आहे, ते करावं.

आणि सोमवारी दवेकाका रिक्षातून वूफर घेऊन हजर. तोंड लाल. "घरघर करतो! तबल्यावर ठीक, जाड सूर आला की घर्रर्र! तुझा पप्पा बुढ्ढा थई गया, दीकरी. एवढं नाव, आणि हे काम!"

 पप्पांच्या हातचा वूफर घरघरतो, असं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. आई म्हणाली होती हात थरथरतो. म्हणजे खरंच. म्हणजे कॉइल वाकडी बसली, आत घासतेय, आणि पप्पांना ऐकू पण आलं नाही. एवढी भीती मला घर सोडताना नव्हती वाटली. काकांना पाणी दिलं, जियाला त्यांच्या मांडीवर दिलं आणि वूफर ओट्यावर ठेवून फोनमधून सूर लावला. खाली, अजून खाली. घर्रर्र.

कॉइल घासली की आवाज खरखरीत असतो. हा तसा नव्हता. हा ओळखीचा होता.

मी टोपीवर एक बोट ठेवलं. आवाज बंद. बोट उचललं, परत सुरू.

"काय झालं?" काका विचारतायत. मी सूर बंद केला आणि टोपीच्या कडेला नख घातलं. थिनर नाही, ब्रश नाही, काही नाही. टोपी नुसती उचलून हातात आली. तीन थेंब. बरोबर तीन, सारख्या अंतरावर, एक पण ओघळ नाही. थरथरणाऱ्या हातातून असले थेंब पडत नाहीत, किंवा त्याने किती वेळा पुसून परत टाकले असतील मला माहीत नाही.

टोपी उलटी केली. दोन इंच कॉइल. बत्तीस नंबर तार. एकशे तीस वळणं. दोन थर. ओहम आठ. मोठं मोठं लिहिलेलं, मी बारा वर्षांची असताना पप्पा माझ्यासाठी लिहायचे तसं, आणि पेन्सिलने. पप्पा टोपीत कधी पेन्सिलने लिहायचे नाहीत. पेन्सिल थिनरने जात नाही. मी नंतर कागदावर लिहून खात्री केली, खरंच नाही जात.

खाली व. आणि त्याच्यापुढे जागा.

काका म्हणाले, "अरे, रडतेस कशाला? बगड्युं छे?"

मी म्हटलं, "नाही काका, बिघडलं नाही. कच्चा आहे फक्त. पक्कं करायचं माझ्यावर ठेवलंय."

त्यांना काही समजलं नाही. जियाने त्यांचा चष्मा ओढला, त्यात ते गुंतले. मी माझ्या हिशोबाच्या वहीतली पेन्सिल घेतली आणि त्या जागेत सो लिहिलं. मग टोपी बसवली आणि कडेने रेघ फिरवली. पप्पांच्या कच्च्या टोपीवर तीन वर्षं हात नव्हता फिरला, तरी केसासारखी आली. काकांना म्हटलं, आज वाजवू नका, उद्या वाजवा.

दुसऱ्या दिवशी काकांचा फोन, त्यांनी तो थेट स्पीकरसमोर धरून ठेवला. जाड सूर आला, गेला. स्वच्छ.

आता शेवटचं सांगते, जिया कूस बदलतेय. काकांचा विश्वास बसला तसं त्यांनी दुसरा वूफर पण आणला, तो दाबलेल्या टोपीचा. "हवे हात लगाड," म्हणाले, म्हणजे आता हात लाव. मी त्याची जुनी टोपी थोडं थोडं थिनर लावून उचलली, कोरड्या हाताने. त्यातला मजकूर अख्खा राहिला, ती टोपी काकांकडून मागून घेतली, माझ्याकडे आहे. नवी टोपी घेतली, आत सगळे आकडे पेन्सिलने उतरवले. खाली या वेळी आधी सो लिहिलं, आणि पुढे जागा सोडली. टोपीत अजून थोडी जागा उरली होती. मग तिथे लिहिलं, जिया, दहा महिने, वजन आठ किलो, दात चार, आवाज फुल.

मग टोपी लावली आणि काकांना म्हटलं, "हा जरा पप्पांना दाखवून या ना."

काका म्हणाले, "हुं शुं टपाली छुं? मी काय पोस्टमन?" पण गेले. परवाच गेले. दुकानात ठेवून आले. पप्पांनी म्हणे वूफर स्वतःकडे सरकवून घेतला.

अजून कुठूनच काही आलेलं नाही. आई पण भाजीला निघालेली नाही. माझं लक्ष फाटकाकडे आहे, फोनकडे आहे, पण या वेळी भीती जरा कमी आहे. कारण टोपी मी तीन थेंबांवर लावलीय. वाजवतील तेव्हा घरघरणारच, आणि पप्पांना घरघर सहन होत नाही.